जागल्या घेवडा

हेरळवाडीत अक्कल असलेलं माणूस एकच आहे आणि ते आपण, याबद्दल त्रिशला मगदूमच्या मनात कधी शंका नव्हती. शंका यावी असं गावानं काही केलंही नव्हतं. कृष्णेचं पाणी उशाशी, म्हणून गावानं दोन पिढ्या उसाला ते ढोसायला घातलं. पाणी जमिनीखाली साचत गेलं, खालचे क्षार वर चढले आणि एका उन्हाळ्यात काळीभोर रानं पांढरी पडली. चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. तेव्हाही गावानं बियाण्याला दोष दिला, कारखान्याला दिला, सरकारला दिला. पाण्याच्या मोटारीला मात्र कुणी दिला नाही.

त्रिशलानं आपल्या दोन एकरांत जमिनीखालून छिद्रांचे पाईप घातले. वरून गोडं पाणी सोडायचं, ते क्षार विरघळवत खाली जातं, पाईपात शिरतं आणि बाहेर पडतं. तिचं रान अगदी ओढ्याला लागून, त्यामुळे खारं पाणी थेट ओढ्यात जाई. "मगदुमांची वैनी रानात गटार बांधायला लागलीय," असं म्हणून लोक हसले. शेवटी तिची माती पुन्हा काळी आणि भुसभुशीत झाली आणि तिच्या टोमॅटोचे क्रेट जयसिंगपूरच्या बाजारात नावानं विकले जाऊ लागले. लोकांनी हसणं थांबवलं. त्रिशलानं ते आठवणं थांबवलं नाही.

तिच्या रानाच्या वरच्या अंगाला तिच्या धाकट्या दिराचं, भूपालचं रान होतं. एका सकाळी भूपाल रोपांचा ट्रे घेऊन बांधावर उभा राहिला.

"वैनी, आजपासून बांधाच्या कडेनं घेवडा लावतोय. म्हटलं, सांगून लावावा."

"घेवडा?" त्रिशला वाकली होती ती सरळसुद्धा झाली नाही. "उसात जमलं नाही, मक्यात जमलं नाही, आता घेवड्यात दिवे लावणार का भाऊजी?"

"खायचा न्हाई हा. राखणीचा आहे. जागल्या म्हणतात त्याला."

"राखायला उरलंय काय तुमच्या रानात?"

भूपालनं मान चोळली. वाद घालायचा नसला की तो मान चोळायचा, आणि त्रिशलाशी बोलताना तो नेहमीच चोळायचा. मग तो खुरपं घेऊन खाली बसला आणि रोपं लावू लागला.

त्याला घेवडा लावायची वेळ का आली, हे त्रिशलाला नीट माहीत होतं. काही वर्षांपूर्वी तो थोरल्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, शांतिनाथला घेऊन तिच्याकडे आला होता. त्यालाही पाईप घालायचे होते. पण त्याच्या रानाला ओढा नव्हता. त्याचं खारं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर ते तिच्या रानातूनच जायला हवं होतं. खाली एक जाड पाईप टाकला की काम झालं असतं. तिच्या पिकाला त्याचा काही त्रास नव्हता, हेही तिला ठाऊक होतं.

"तुमच्या मूर्खपणाचं पाणी माझ्या रानातून जाणार नाही," ती म्हणाली होती.

शांतिनाथ तेव्हा खाली बघत बसला होता. तो जयसिंगपुरात खतांचं दुकान चालवायचा, घरी येऊन जेवायचा आणि बायकोच्या बोलण्यात मध्ये पडायचा नाही. सकाळचा चहा मात्र तो भावाकडे घ्यायचा. तो तिथं जातो हे त्रिशलाला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं.

*

जागल्या घेवडा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तयार झाला होता. त्रिशलाची मुलगी अन्विता त्याच संस्थेत कामाला होती, त्याच गटात. त्रिशला तिला फोनवर "घेवडेवाली" म्हणायची आणि त्यापलीकडे तिच्या कामाबद्दल काही विचारायची नाही.

घेवडा कमरेइतका वाढला आणि बांधावर संध्याकाळी एक वास येऊ लागला. जाईच्या फुलांचा. फूल कुठं दिसायचं नाही, पण नदीत उपसाबंदी झाली, विहिरीचं मचूळ पाणी रानात गेलं की दिवस कलताना वाऱ्यावर जाई दरवळायची. बाया म्हणायच्या, भूपालभाऊंच्या रानात लग्नघर उतरल्यासारखं वाटतं. त्याचा मका मात्र, जो दर उन्हाळ्यात टोकाकडून करपत यायचा, तो बुटका पण हिरवा राहिला. कणसं लहान भरली, पण भरली. पुढच्या हंगामात त्याच्या वरच्या अंगाच्या रानांच्या रांगेतल्या सगळ्यांनी जागल्या लावला आणि त्याच्या पुढच्या हंगामात साऱ्या गावानं.

"एक मेंढरू खड्ड्यात गेलं की मागची सगळी जातात," त्रिशला जेवताना म्हणाली.

"पिकं आली की त्यांची," शांतिनाथ ताटाकडे बघत म्हणाला.

"कणसं बघितलीस का? बोटाएवढी. त्याला पीक म्हणतात?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. पण त्याच वर्षी तिचे टोमॅटो रुसले.

माती गोड, पाणी गोड, खत वेळेवर. रोग नाही, अळी नाही. तरी झाडं गुडघ्यापर्यंत येऊन थांबली. पानं जाड आणि गडद झाली, फुलं कमी लागली, फळं लिंबाएवढी राहिली. आता पानांना चिकटवायच्या टिकल्या मिळत. पानाची रंध्रं उघडी आहेत की मिटलेली, ते त्या फोनवर दाखवायच्या. त्रिशलानं टिकल्या चिकटवल्या. भर सकाळी, पाण्यानं तट्ट भरलेल्या रानात, झाडं रंध्रं मिटून बसली होती. दुष्काळात बसावीत तशी.

तिनं मुलीला फोन केला. "तुझ्या घेवड्यानं माझ्या रानाला काय केलंय, ते येऊन बघ."

*

अन्विता आली. तिनं पर्स ओट्यावर टाकली, चपला बदलल्या आणि सरळ रानात गेली. टोमॅटोचं एक पान तोडून तिनं चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"कडू झालंय. तुझी झाडं घाबरलीत, आई."

"झाडं घाबरत नाहीत. माणसं घाबरतात. आणि त्यातली निम्मी तुझ्या काकाच्या घरात राहतात."

अन्वितानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बांधावर बसून समजावून सांगितलं. झाडाला मज्जातंतू नसतात. त्याच्या एका भागाची बातमी दुसऱ्या भागाला पोचवतात ती संप्रेरकं. मुळाला मीठ लागलं की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानांना सांगतं, रंध्रं मिटा, पाणी धरून ठेवा. मग वाढ थांबते. झाड बुटकं राहतं, पण जगतं. अडचण एवढीच की मक्यासारख्या पिकाला ही बातमी उशिरा लागते. तोवर मीठ पानांत शिरलेलं असतं.

"म्हणून आम्ही लवकर चव कळणारा घेवडा केला. त्याच्या मुळाला मिठाचा कण लागला की तो पानांतून जास्मोनेट सोडतो. तेही संप्रेरकच, पण हवेत उडणारं. जाईच्या फुलात असतं तेच. शेजारच्या झाडांनी ते हुंगलं की मीठ यायच्या आधीच ती सावध होतात. मिठाला पेशीतल्या कोठीत कोंडायची तयारी करतात, वाढ आवरतात, पानं कडू करून घेतात."

"मला मीठ येतच नाही."

"वाऱ्याला ते कुठं ठाऊक? भूपालकाकाचा घेवडा ओरडतो मीठ आलं म्हणून, आणि तुझी झाडं ऐकतात. त्यांच्या दृष्टीनं मीठ आलेलंच असतं."

त्रिशला पदरानं हात पुसत राहिली. मग तिनं विचारलं, "हे होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत होतं. जिथं आजूबाजूला गोड्या जमिनी आहेत तिथं जागल्या लावू देऊ नका, असं मी बैठकीत म्हटलं."

"मग?"

"मी तुझ्यासारखं बोलले," अन्विता म्हणाली. "तुम्हाला साधं वारा म्हणजे काय ते कळत नाही का, असं साहेबांना विचारलं. सगळ्यांसमोर. त्यानंतर त्या खोलीत माझं कुणी काही ऐकलं नाही."

त्रिशलाला ते लागलं. तिनं ते दाखवलं नाही. "तुझे साहेब गाढव आहेत," ती म्हणाली, "यात माझा काय दोष?" आणि घाईनं पुढचं विचारलं. "ऐकूच येणार नाही असं झाड नाही का तुमच्याकडे?"

होतं. बहिरा टोमॅटो. जास्मोनेट ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्याचा आकारच पानांमध्ये बदलून टाकलेला. फुलांत ते प्रथिन जसंच्या तसं ठेवलं होतं, नाहीतर फळच धरलं नसतं. ते बियाणं बाजारात आलंही होतं, पण संस्थेची त्याच्यावर फारशी मर्जी नव्हती.

"नको लावू," अन्विता म्हणाली. "मिठाची बातमी ज्या दारातनं येते, त्याच दारातनं अळीची पण येते. अळीनं पान कुरतडलं की झाड स्वतःच जास्मोनेट तयार करतं आणि पान कडू करतं. बहिऱ्याला स्वतःचंही ऐकू येत नाही. त्याला खाल्लं तरी कळत नाही."

"त्याला कळलं नाही तर मला कळेल. मला डोळे आहेत."

"आई, काकाला पाईप दे. त्याची जमीन गोडी झाली की घेवडा आपोआप गप्प बसेल."

"तू पुण्याहून हे सांगायला आलीस होय? मग त्यापेक्षा तुझ्या काकाकडेच जेव."

अन्विता खरोखरच काकाकडे जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

*

बहिरा टोमॅटो असा वाढला की रस्त्यावरून जाणारे मोटारसायकली थांबवू लागले. सारं शिवार आखडून बसलेलं आणि मध्ये हे दोन एकर पुरुषभर उंच, तारेवर लोंबणारे घोस, पिवळ्या फुलांनी गच्च. संध्याकाळी जाई दरवळायची आणि मका आणखी आकसायचा, पण त्रिशलाच्या झाडांना त्याचं काही नव्हतं.

लोक बघायला येत. ती त्यांना बांधाच्या आत पाऊल ठेवू देत नसे.

"तिथनंच बघा," ती म्हणायची. "पाय ठेवलात तर माझ्या रानालाही अक्कल सोडून जाईल."

कुणी बियाण्याचं नाव विचारलं तर ती सांगायची, "तुम्हाला काय करायचंय? तुमच्यासाठी बुटकं पीक बरं, काढायला वाकावं लागतं, तेवढाच व्यायाम." माणसं हसल्यासारखं करून निघून जात. भूपाल एकदा बांधापर्यंत आला, घोसांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आलंय, वैनी." मत्सर असता तर तिला आवडलं असतं. त्याच्या आवाजात तो नव्हता, आणि त्याचा तिला राग आला.

"भाऊजी, छान येत नसतं, आणावं लागतं," ती म्हणाली.

फळं रंगाला आली आणि पहिल्या तोड्याला तिला दोन-चार फळांत भोकं दिसली. तिनं ती वेचली, औषध मारलं. दोन दिवसांनी ओळींमागून ओळींत भोकं होती. पानांच्या आतून बोगदे काढत नागअळी फिरत होती आणि फळात हिरवी जाड अळी अर्धं अंग आत घालून बसली होती. तिनं ड्रोनवाल्याला बोलावलं, दुसरं औषध मारलं, मग तिसरं. सापळे लावले. सकाळी सापळ्यांत पतंगांचा चिखल झालेला असायचा आणि तरी संध्याकाळी पतंग येतच राहायचे.

डोळे होते तिला. रोज दिसत होतं. पण डोळे दोन आणि पानं लाखभर.

मंदिरात जावेची, उज्ज्वलाची भेट झाली. उज्ज्वला साधेपणानं म्हणाली, "आक्का, यंदा आमच्याकडं एक अळी दिसली न्हाई बघा. वरच्या रांगेत पण कुणाकडं न्हाई."

त्रिशला घरी येईपर्यंत त्या एका वाक्याचा हिशेब लागला होता. साऱ्या शिवाराची पानं कडू झाली होती. मका कडू, वांगी कडू, भेंडी कडू. पतंगांना अंडी घालायला कृष्णाकाठी एकच गोड जागा उरली होती. गावभरची अळी तिच्या रानात जेवायला आली होती, आणि झाडं मान ताठ ठेवून खाल्ली जात होती. एकाही पानाला त्याची खबर नव्हती.

तिनं तोडा थांबवला. शांतिनाथ दुकानातून आला तेव्हा ती पडवीत फळांच्या ढिगाशी बसून चांगली-किडकी निवडत होती आणि सगळी किडक्यांतच टाकत होती. तो तिच्याशेजारी खाली बसला. सहसा तो असा बसत नसे.

"भूपालला पाईप द्यायला पाहिजे होता," तो म्हणाला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला आणि तोही फळं निवडू लागला.

तिला त्याच्याबद्दल नेहमी वाटायची तीच तुच्छता वाटली. सगळं समजून गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल वाटते ती. पण या वेळी तिला असंही वाटलं की आपल्या घरात बोलून उपयोग नाही हे या माणसाला आणि आपल्या पोरीला दोघांनाही एकाच ठिकाणी शिकायला मिळालं. ती उठली, हात धुतले, लुगड्याला लागलेला रस तसाच ठेवून भूपालच्या घराकडे निघाली.

*

त्या घराची पायरी ती कित्येक वर्षांत चढली नव्हती. उज्ज्वलानं तिला बघितलं आणि हातातली परात खाली ठेवायचं विसरली.

"भाऊजी आहेत का?"

भूपाल आतून आला. त्यानं खुर्ची पुढं केली. ती बसली. उज्ज्वला चहाला गेली. आतून स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

वाटेत त्रिशलानं ठरवलं होतं की नीट बोलायचं. माणसाशी बोलतात तसं. तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते असं, "तुमच्या त्या भित्र्या घेवड्यापायी माझं रान गेलं."

"अळीनं गेलं म्हणून ऐकलं."

"एकच आहे ते. तुम्हाला सांगून समजायचं नाही."

भूपालनं मान चोळायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला.

"वैनी," तो म्हणाला, "तुम्ही शाण्या आहात हे मला दादाच्या लग्नापासनं ठाऊक आहे. माझ्या जमिनीचं वाटोळं मीच केलं, ते पण ठाऊक आहे. पाणी मीच पाजलं. पण शाण्या माणसाच्या शेजारी राहायचं म्हणजे लई दमायला होतं. तुम्ही बांधावर दिसला की मी पलीकडच्या कडेला काम काढतो. माझ्याच रानात. म्हणून जागल्या लावला. बिनतोंडाचा राखणदार. मीठ आलं एवढंच सांगतो, कुणामुळं आलं ते न्हाई सांगत."

त्रिशलाला उत्तर सुचलं. तिला नेहमीच सुचायचं. ते जिभेवर आलं, चांगलं धारदार होतं, आणि तिनं ते गिळलं. गिळायला जड गेलं.

"पाईप घाला," ती म्हणाली. "माझ्या रानातनं. ओढ्यापर्यंत."

"आणि घेवडा उपटा, असं न्हवं?"

"हो."

"घेवडा न्हाई उपटणार. जमीन गोडी व्हायला किती हंगाम जातील कुणास ठाऊक. तोवर मका कशावर सोडू? गोडी झाली की तो आपोआप गप्प होईल, असं अन्विता म्हणाली मला."

"म्हणजे तोवर माझं रान पडीक."

"व्हय," भूपाल म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी कडक होतं. "आणि दुसरं. माझ्या एकट्यापुरता पाईप नको. माझ्या वरच्या रांगेत सगळ्यांची हीच गत आहे. सगळ्यांचं पाणी जाईल एवढा रुंद घालायचा. तुमच्या रानाच्या मधनं."

ज्यांनी गटार म्हणून हसून घेतलं होतं, ते सगळे त्या रांगेत होते. एकेकाचं नाव त्रिशलाच्या डोळ्यांपुढून गेलं. एवढ्या मोठ्या पाईपावर पुन्हा खोल मुळांचं काही लावता येणार नव्हतं. तेवढी पट्टी कायमची जाणार होती.

"साऱ्या गावाचं गटार माझ्या रानात," ती म्हणाली.

"व्हय. गटारच."

उज्ज्वला चहा घेऊन आली. त्रिशलानं कप घेतला, एक घोट घेतला आणि साखर जास्त झाली आहे असं म्हणाली. मग सगळा प्याली.

"उतार मी काढून देईन," ती उठताना म्हणाली. "तुमच्यातल्या कुणाच्या हातात दिला तर पाणी ओढ्यातनं उलटं रानात येईल."

भूपालनं होकार समजून मान डोलावली.

*

बहिरे टोमॅटो तिनं स्वतः उपटून जाळले. यंत्र आलं, रानाच्या मधोमध चर खणला गेला आणि ज्यांना तिनं कधी बांधाच्या आत येऊ दिलं नव्हतं ती माणसं तिच्या काळ्या मातीत गुडघाभर उभी राहिली. ती काठावर उभी राहून बोलत होती. इथं वर आलंय, तिथं खाली गेलंय, तुला डोळे देवानं शोभेला दिलेत का, पाईप जोडतोयस की वेणी घालतोयस. तिचं बोलणं पूर्वीसारखंच होतं. फरक एवढाच की ती बोलली की माणसं जोड पुन्हा उकरून नीट करत होती. कुणी रागानं निघून गेलं नाही. एकजण तर तिनं न विचारता तिसऱ्यांदा उतार तपासून घ्यायला आला.

अन्विता सुट्टी काढून आली आणि चराच्या काठावर आईशेजारी उभी राहिली.

"संस्थेत सांगू का मी हे? जागल्याबरोबर निचऱ्याचं बंधन घाला म्हणून?"

"सांग."

"कसं सांगू?"

"भूपालभाऊजींना घेऊन जा," ती म्हणाली. "त्यांना बोलू दे. लोक त्यांचं ऐकतात. का ऐकतात देव जाणे."

भूपाल गेला. बैठकीत तो फार वेळ बोलला नाही म्हणे. पण तिथल्या लोकांनी त्याला पुन्हा बोलावलं, आणि वर्ष उलटायच्या आत बियाण्याच्या पिशवीवर निचऱ्याची अट छापून आली.

जमीन सावकाश गोडी होत गेली. त्रिशलानं आपल्या दोन एकरांत नुसता धैंचा पेरला आणि गाडला, पेरला आणि गाडला. रस्त्यावरून जाणारे बघायचे, मगदुमांच्या वैनीच्या रानात हिरवळीच्या खताशिवाय काही नाही, असं म्हणायचे. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. ती धैंचा गाडताना मानसुद्धा वर करत नसे.

तिच्या रानाच्या वरच्या बांधाशी वरच्या रांगेतल्या सगळ्यांचे पाईप एका सिमेंटच्या हौदात येत होते आणि तिथून मोठ्या पाईपात पडत होते. दर हंगामाच्या सुरुवातीला पाण्याचं पहिलं आवर्तन झालं की शेतकरी त्या हौदाभोवती जमायचे. क्षार मोजायचा मीटर होता. तो भूपालनं आणला होता. पण मीटर दाखवायचा तो आकडा कुणाला खरा वाटत नसे. त्रिशला हौदाच्या कडेला बसायची, एकेका पाईपाखाली बोट धरायची आणि जिभेला लावायची.

"हा कुणाचा? आप्पाचा? अजून समुद्र आहे. उसाला पाणी द्यायचं थांबवलं नाहीस तू." ती थुंकायची. "हा? पार्श्वनाथ, तुझं बरं आहे, तू आळशी आहेस, मोटार चालू करायलाही उठत नाहीस. सुधारतंय." थुंकायची. "हा कुणाचा आहे ते विचारत नाही, वासावरनं कळतंय."

माणसं रांगेनं उभी राहून आपापली पाळी यायची वाट बघत. ज्याला शिवी कमी बसे तो खुशीत घरी जाई.

काही हंगामांनंतर अशाच एका दिवशी बरीच तोंडं वेंगाडून झाल्यावर ती शेवटच्या पाईपाशी आली. तो भूपालचा होता. दोन-तीन आठवड्यांपासून बांधावर संध्याकाळी जाईचा वास आला नव्हता. ते तिच्या लक्षात आलं होतं, आणि भूपालच्याही. पण दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिनं बोट धरलं. जिभेला लावलं. मग ओंजळ धरली आणि त्यातलं घोटभर पाणी तोंडात घेतलं.

भूपाल वाकून बघत होता. "काय, वैनी?"

ती थुंकली नाही. तिनं घोट गिळला, पदरानं ओठ पुसले आणि मागं वळून आप्पाला म्हणाली, "तू कशाला दात काढतोयस? तुझी मोटार आधी बंद कर जा."